पोक आलेलं बिस्मार्क: सव्वा मीटरच्या मॉडेलचं एक प्रकरण

मॉडेल जर्मन युद्धनौका बिस्मार्कचं, प्रमाण १:२००. मूळ जहाज २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद होतं, म्हणजे मॉडेल १२५५ मि.मी. लांब आणि १८० मि.मी. रुंद. हल, म्हणजे जहाजाचं धड, एकाच ओतीव तुकड्यात, वरचा डेक तीन तुकड्यांत. रेलिंग, रडार आणि शिड्या पितळी फोटो-एचच्या (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या), तोफांच्या नळ्या लेथवर कातलेल्या पितळेच्या. एअरब्रशचं काम स्वच्छ, पट्ट्यांच्या कडा धारदार, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) हलक्या हाताचा. बांधणाऱ्याच्या हातात कसर नव्हती हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे आलेल्या बिघाडांपैकी एकही चिमटा किंवा ब्रश चुकल्यामुळे आलेला नाही.

मॉडेल पूर्ण झालं, दोन पितळी खांबांवर चढलं, ३ मि.मी. ॲक्रिलिकच्या झाकणाखाली गेलं आणि खिडकीजवळच्या भिंतीवर छताखालच्या फळीवर बसलं. चौदा महिन्यांनी तक्रारींची यादी अशी होती: डाव्या बाजूच्या रेलिंगला लाटा आल्या आणि चार ठिकाणी ते डेकवरून सुटलं. डेकचे दोन्ही आडवे सांधे उघडले, पुढचा ०.६ आणि मागचा ०.३ मि.मी. डोलकाठ्यांच्या तारा कधी ढिल्या, कधी ताठ. झाकणाची लांब बाजू मधोमध ९ मि.मी. आत आली. सगळ्यांत शेवटी लक्षात आलं ते हे, की जहाज सरळच राहिलेलं नाही.

बांधणाऱ्याने या पाचही गोष्टी वेगवेगळ्या धरल्या. सांध्यात पुट्टी भरली, रेलिंगला पुन्हा सुपरग्लू लावला. दोन महिन्यांत दोन्ही ठिकाणी तेच झालं, फक्त आता पुट्टीची कडही दिसत होती.

मोजमाप

एवढ्या लांबीच्या मॉडेलला बाक आहे का, हे नजरेने ठरवू नये. बाजूने पाहताना डेकचा मूळ उतार डोळ्याला फसवतो. मासेमारीची बारीक दोरी कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, सपाट भागाखाली पुढून मागे ताणायची, दोन्ही टोकांना सारख्या जाडीचा प्लास्टिकचा तुकडा ठेवून ती तेवढी खाली घ्यायची, आणि मधल्या पाच-सहा ठिकाणी दोरी आणि कील यांतलं अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजायचं. सगळीकडे तुकड्याच्या जाडीएवढंच अंतर आलं तर कील सरळ.

इथे अंतर मध्यावर ३ मि.मी. जास्त निघालं. म्हणजे मधला भाग वर, नाळ (पुढचं टोक) आणि पिछाडी खाली: जहाजाला पोक आलं होतं. पहाटे आणि दुपारी मोजून आकडा तोच आला, त्यामुळे हा तापमानाने रोज येणारा-जाणारा बाक नाही, प्लास्टिकने धरलेला कायमचा आकार आहे हे ठरलं. बांधणीच्या वेळच्या फोटोंत कील पाटावर सपाट टेकलेली दिसत होती, तेव्हा दोष ओतकामाचाही नव्हता.

मग खांबांमधलं अंतर मोजलं: ४०० मि.मी. जुन्या, लहान मॉडेलच्या पाटाला आधीच भोकं होती, तीच वापरली होती. खांबांच्या पुढे आणि मागे जवळपास ४२७-४२७ मि.मी. हल अधांतरी होती, आणि पुढच्या टोकाकडे दोन तोफमनोऱ्यांचं पितळ, मागच्या टोकाकडे दोघांचं.

मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते सुमारे ९५-१०० अंशांना मऊ पडतं, पण सततच्या भाराखाली ते त्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही हळूहळू सरकतं. पुलाची फळी एका दिवसात वाकत नाही, वर्षभरात वाकते, तसंच. वर गडद राखाडी डेक, बंद झाकण आणि खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप: सरकायला याहून सोयीची जागा नाही.

आता सांध्यांकडे पाहा. १२५५ मि.मी. लांबीत मधोमध ३ मि.मी. पोक म्हणजे सुमारे ६५ मीटर त्रिज्येचा कंस. मूळ जहाजाच्या हलची खोली १५ मीटर, मॉडेलमध्ये ७५ मि.मी. कीलची लांबी तीच राहिली असं धरलं तर ७५ मि.मी. वरच्या डेकला सुमारे १.४ मि.मी. जास्त लांबी हवी. प्लास्टिक फार ताणलं जाण्याआधी सांधाच उघडतो. दोन सांध्यांत मिळून ०.९ मि.मी. सापडले, उरलेलं डेकच्या कडेच्या जोडात आणि प्लास्टिकच्या ताणात विरलं. म्हणून पुट्टी टिकली नाही. पोक वाढत असताना सांधा भरणं म्हणजे भिंत खचत असताना भेगेला रंग लावणं. खऱ्या जहाजांवरही लाटेच्या शिखरावर मधला भाग तोलला की डेकवर हाच ताण येतो, फरक इतकाच की तिथे लाट पुढे सरकते.

रेलिंग का लाटलं

इथे मात्र पोकाचा दोष थोडा, खरा दोष दोन पदार्थांच्या स्वभावाचा. तापमान एका अंशाने वाढलं की पॉलिस्टायरीन लांबीच्या दर दशलक्ष भागांमागे सुमारे ७० भाग वाढतं, पितळ १९. पंधरा अंशांच्या फरकाला पूर्ण हल सुमारे १.३ मि.मी. लांब-आखूड होते, पितळ तेवढ्याच लांबीत ०.३६ मि.मी. लहान मॉडेलमध्ये हा फरक केसाएवढा असतो आणि कोणी विचारत नाही. सव्वा मीटरमध्ये तो जवळपास एक मि.मी. आहे.

या मॉडेलवर रेलिंग ३०० मि.मी.च्या अखंड पट्ट्यांत, ऐन उन्हाळ्यात लावलं गेलं. दोन टोकं पक्की आणि मध्ये सुपरग्लूचे तुरळक थेंब. थंडीत हल आखडली. ३०० मि.मी.मागे फरक फक्त ०.२३ मि.मी., पण पट्टी बाजूला फुगते तेव्हा फुगवटा आखडण्याच्या प्रमाणात येत नाही, त्याहून खूप मोठा येतो. मधले थेंब सुटले आणि ३०० मि.मी.ची पट्टी एकाच कमानीत फुगली तर ती मधोमध सुमारे ५ मि.मी. बाहेर येते. तीच पट्टी ३०-३० मि.मी.वर पक्की असेल तर प्रत्येक कमान अर्ध्या मि.मी.ची होते. रेलिंगची उंचीच जेमतेम ५ मि.मी., तेव्हा पहिली कमान दुरूनही दिसते आणि दुसरी शोधावी लागते.

आता यावर ‘थेंब जास्त लावा’ असं उत्तर सुचतं. ते अर्धंच बरोबर आहे. उन्हाळ्यात उलटा ताण येतो, पितळ ओढलं जातं, आणि साधा सुपरग्लू ठिसूळ असल्याने थेंब टिचकीसारखा उडतो. अखंड पट्टी तोडणं हाच उपाय: दर ६० ते ८० मि.मी.वर उभ्या काडीला लागून आडव्या तारा कापायच्या, ०.३ मि.मी. फट ठेवायची. ती फट काडीच्या आड जाते. चिकटवायला रबर मिसळलेला काळा सुपरग्लू, दर काडीच्या पायाशी, सुईच्या टोकावरून.

दुरुस्तीचा क्रम

आधी हल सरळ करायची, मग सांधे, मग रेलिंग, मग तारा. उलट क्रमाने केलेलं सगळं काम वाया जातं, हे बांधणाऱ्याने स्वतःच दाखवून दिलं होतं.

चारही मुख्य तोफमनोरे उचलून बाजूला ठेवले. ते चिकटवलेले नव्हते, आणि ते योग्यच होतं. मूळ जहाजावरही हे मनोरे स्वतःच्या वजनावरच बसलेले होते; २७ मे १९४१ ला जहाज उलटं होऊन बुडालं तेव्हा चारही निखळले, आणि १९८९ मध्ये अवशेष सापडले तेव्हा त्यांच्या जागी रिकामी वर्तुळं दिसली. मॉडेल हलवताना हीच गोष्ट उपयोगी पडते. मनोरे काढून वेगळ्या डब्यात न्यावेत, नाहीतर मॉडेल थोडं तिरकं होताच ते आपोआप उतरतात.

पोक काढायला हेअर ड्रायर किंवा गरम पाणी वापरायचा मोह आवरायला हवा. रंगवलेल्या, पितळ लावलेल्या हलला असमान उष्णता दिली तर बाक जाऊन पीळ येतो, आणि पीळ काढण्याची युक्ती नाही. ज्या सरकण्याने पोक आलं, त्याच सरकण्याकडून ते काढून घेतलं. नाळेपासून आणि पिछाडीपासून साधारण १५० मि.मी. आत फोमचे दोन पाळणे ठेवले, मधला भाग पूर्ण मोकळा, आणि मधल्या इमारतीच्या दोन्ही बाजूंना डेकवर मऊ कापडाच्या वाळूच्या पिशव्या, मिळून ५०० ग्रॅम. खोलीतल्या तापमानालाच. तीन दिवसांनी एकदा दोरीने मोजायचं. पोक साधारण तीन आठवड्यांत ३ वरून १ मि.मी.च्या आत आलं. तिथेच थांबवलं, कारण सरळ होण्याच्या पुढे गेलं की झोळ सुरू होतो, आणि नव्या आधारावर उरलेलं थोडं पोक पुढे आपणच उतरणार होतं.

नवे आधार

सारख्या वजनाची लांब वस्तू दोन आधारांवर ठेवताना सर्वांत कमी बाक येतो तो आधार टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्के आत असतील तेव्हा. १२५५ मि.मी.साठी ते २७६ मि.मी. येतं, म्हणजे आधारांत ७०० मि.मी. अंतर. जहाजाची टोकं निमुळती आणि मध्य जड, म्हणून थोडं आत सरकून ६८० धरलं. तिसरा आधार मध्ये द्यावा असं वाटतं, पण तीन आधार एका पातळीत आणणं कठीण. मधला एक मि.मी. उंच राहिला तर सगळं वजन त्याच्यावर जाऊन पुन्हा पोक. तिसरा हवाच असेल तर त्यावर फोमची चकती ठेवावी आणि त्याला भार घेऊ देऊ नये.

हल बंद झालेली असल्यामुळे तळातूनच शिरावं लागलं. नव्या जागी ६० × ४० मि.मी.चे चौकोन रेझर सॉने कापले आणि कापलेले तुकडे जपून ठेवले. आत काय बसवलं ते महत्त्वाचं आहे. लाकडाचा ठोकळा इपॉक्सीने चिकटवण्याची रीत सर्रास दिसते, पण गुळगुळीत पॉलिस्टायरीनवर इपॉक्सी फार धरत नाही आणि एके दिवशी ठोकळा आत खुळखुळू लागतो. म्हणून आधी २ मि.मी. स्टायरीन शीटचे तीन थर द्रावक सिमेंटने एकमेकांना आणि हलला जोडून एक पेटी केली. हा जोड प्लास्टिक विरघळून एकजीव होतो. त्या पेटीत एम-५ चा टी-नट (५ मि.मी. बोल्टसाठीचा, चकती असलेला नट) बसवून भोवती इपॉक्सी ओतलं, पेटीच्या भिंतींना आधीच ३ मि.मी.ची आठ-दहा भोकं पाडून आणि १८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून, म्हणजे इपॉक्सीला पकड मिळाली नाही तरी ते भोकांत अडकून बसतं. कापलेले तुकडे परत लावून मध्ये फक्त बोल्टचं भोक ठेवलं. सिमेंट पूर्ण वाळायला एक आठवडा दिला. जाड थरात द्रावक आत कोंडून राहतं आणि घाई केली तर हलचा तळ खड्ड्यासारखा बसतो.

पाटावर मागचं भोक गोल, ५.२ मि.मी. पुढचं लांबट, ५.२ × ८ मि.मी., लांबीच्या दिशेने. ६८० मि.मी. अंतरावर प्लास्टिक आणि प्लायवूड यांच्या वाढीत पंधरा अंशांना दोनतृतीयांश मि.मी.चा फरक पडतो. दोन्ही खांब आवळले तर तो फरक हलला वाकवून भरून निघतो. पुढच्या बोल्टला रबरी वॉशर आणि लॉकनट, बोटाने आवळून अर्धा फेरा मागे.

सांध्यांमधली पुट्टी टोकदार पात्याने पूर्ण खरवडली, खाच व्ही आकाराची केली आणि तीत किटच्याच स्प्रूपासून (सुटे भाग धरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीपासून) ओढलेली बारीक काडी ठेवून द्रावक सिमेंट सोडलं. पुट्टी भेग झाकते, काडी सांधा जोडते. चार दिवसांनी कानस, मग ४०० आणि ८०० नंबरचा कागद, मग रंग. डेकच्या फळ्यांच्या कोरलेल्या रेघा सांध्यावर पुसल्या गेल्या, त्या स्क्रायबरने पट्टी धरून परत ओढल्या. हे काम सोपं नाही, आणि जवळून पाहिलं तर पुढच्या सांध्यावर दोन रेघा किंचित जाड दिसतात.

डोलकाठ्यांच्या तारा नायलॉनच्या होत्या. नायलॉन हवेतला ओलावा शोषून लांबतं, म्हणून दमट दिवसांत ढिलं आणि कोरड्या दिवसांत डोलकाठी ओढणारं. त्या काढून लवचीक लायक्रा धागा लावला, जाडी ०.०६ मि.मी., म्हणजे मूळ १२ मि.मी.च्या तारेएवढी. ताण देताना धागा लांबीच्या दहाव्या भागाइतकाच ओढायचा. जास्त ओढला तर फोटो-एचची आडवी काठी वाकते आणि ते लगेच दिसत नाही.

झाकण आणि फळी

झाकणाचं बाहेरचं माप १४०० × ३२० × ४५० मि.मी. मॉडेलभोवती सर्व बाजूंनी सुमारे ७० मि.मी. मोकळीक, माप बरोबर. जाडी चुकली. ३ मि.मी.ची १४०० × ४५० बाजू खालच्या कडेला मोकळी असेल तर ती सरळ राहूच शकत नाही. ॲक्रिलिकच्या दोन बाजूंना ओलावा किंवा तापमान वेगळं असलं की ती एका बाजूला फुगते. खिडकीकडची बाजू आत आली हे म्हणूनच. नवं झाकण ५ मि.मी.चं, आणि पाटात चारही बाजूंना ६ मि.मी. रुंद व ८ मि.मी. खोल खाच, जीत झाकणाची खालची कड बसते. नुसत्या खाचेने अर्धं काम होतं.

५ मि.मी.च्या झाकणाचं वजन सुमारे १२ किलो. जुनं ७ होतं. काचेचं केलं असतं तर २५. बारा किलोची, हातभर उंच पेटी डोक्यावरच्या फळीवरून उचलायची तर दोन माणसं लागतात, आणि इथे तर फळी आणि छत यांत झाकणाच्या वर ३०० मि.मी.च जागा होती. ४५० मि.मी. उंच झाकण वर काढायला त्याची खालची कड मॉडेलच्या टोकावरून जाईल एवढी, म्हणजे ३८० मि.मी.च्या आसपास, मोकळी जागा हवी, हे फळी ठोकताना कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे धूळ पुसायलाही मॉडेलसकट सगळं खाली घ्यावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी चारदोन काड्या वाकत होत्या. नव्या पेटीची पुढची बाजू खाचेतून आडवी सरकते. त्यासाठी शेजारी १४०० मि.मी. मोकळी भिंत लागते. ती नसेल तर पुढची बाजू दोन तुकड्यांत करावी, मधली रेघ मग सोसावी.

फळी १८ मि.मी. प्लायवूडची, कंसांत १२०० मि.मी. अंतर. मॉडेल, पाट आणि नवी पेटी मिळून २२ किलो. एवढ्या भाराला अशी फळी मध्ये साधारण ४ मि.मी. झोळ खाते, आणि तोही वर्षभरात वाढतो. पाट फळीवर सपाट बसत असेल तर फळीचा झोळ थेट जहाजात उतरतो. आधी केलेलं सगळं सरळीकरण परत उलट दिशेला. मध्ये एक कंस वाढवला. सारख्या पसरलेल्या भारात आधारांचं अंतर निम्मं केलं की झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे जाड फळी घेण्यापेक्षा हा कंस स्वस्त आणि परिणामकारक. पाटाखाली फक्त तीन रबरी पाय, चार नाहीत: तीन पायांवर पाट कधी पीळ खात नाही.

जागाही बदलली, खिडकीपासून दूरच्या भिंतीवर. नेताना एक अडचण आली, तीही आधी कागदावर सुटू शकली असती. काटकोनात वळणाऱ्या सारख्या रुंदीच्या बोळातून आडवी पेटी जायची तर तिची जास्तीत जास्त लांबी म्हणजे बोळाच्या रुंदीची २.८३ पट वजा पेटीच्या रुंदीची दुप्पट. ८०० मि.मी.च्या बोळातून ३२० मि.मी. रुंद पेटी १६२० मि.मी. लांबीपर्यंत वळते. ७०० मि.मी. असेल तर १३४० ला अडकते, आणि ही पेटी १४०० ची. बोळ ७२० चा होता. १३९६ येतात! चार मि.मी.साठी पेटी भिंतीला घासली असती, म्हणून पेटीच्या बाजू सुट्या नेऊन जागेवर जोडल्या.

पेटी जोडताना दोन पदार्थ टाळले. एक, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन: त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड बंद जागेत पितळ काळवंडतं, आणि शिशाचा अंश असलेले ओतीव भाग असतील तर त्यांवर पांढरी भुकटी धरते. ओकसारखी लाकडं आणि कच्चं एमडीएफसुद्धा असंच आम्ल सोडतात, त्यामुळे पाट प्लायवूडचा असला तरी सहाही बाजूंनी वॉर्निश लावून दोन आठवडे उघड्यावर ठेवला. दुसरा, साधा सुपरग्लू. त्याची वाफ बंद पेटीत ॲक्रिलिकवर आणि गडद रंगावर पांढुरका थर धरते. पेटीच्या मागच्या बाजूला खाली-वर ८ मि.मी.ची चार भोकं आणि त्यांवर बारीक फिल्टरचं कापड ठेवलं, म्हणजे हवा खेळते आणि धूळ अडते.

नव्या जागी एक उन्हाळा आणि एक हिवाळा गेल्यावर दोरीचं माप पुन्हा घेतलं: मध्यावर ०.५ मि.मी. पोक, दोन्ही ऋतूंत तेवढंच. डेकचे सांधे बंद. पुढचा बोल्ट लांबट भोकात सुमारे अर्धा मि.मी. सरकल्याची चकाकी पाटावर दिसते. रेलिंगच्या एकशेचाळीस-बेचाळीस तुकड्यांपैकी एक सुटला, पिछाडीच्या वळणावर, जिथे दोन काड्यांत फट ठेवायची राहून गेली होती.